पेंटरची सही

(बुलढाणा जिल्ह्यातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला भाषण करता येत नाही. भाषण करणाऱ्याच्या पाठीमागे जो बॅनर टांगलेला असतो ना, तो लिहिणारा मी माणूस. मंचाच्या पुढे उभं राहायची सवय नाही. सभा सुरू होण्याआधी शिडी घेऊन निघून जायचं, हाच आमचा शिरस्ता. आज तुम्ही मुंबई-पुण्याची, नागपूर-संभाजीनगरची पोरं इथवर आलात आणि म्हणालात, काका, तुम्ही चित्रकार कसे झालात ते सांगा. मी हसलो. कारण या जिल्ह्यात मला आजवर कुणी चित्रकार म्हटलेलं नाही. मला 'पेंटर' म्हणतात. ए पेंटर, किती घेशील? पेंटर, उद्यापर्यंत झालं पाहिजे.

आता या दोन शब्दांपासूनच सुरुवात करू. चित्रकार कोण? जो कागदावर, कॅनव्हासवर काढतो, प्रदर्शन भरवतो, ज्याच्यावर पेपरात लिहून येतं तो. पेंटर कोण? जो पाटी रंगवतो, ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहितो, निवडणुकीत पंजा, कमळ आणि हत्ती एकाच ब्रशनं काढतो तो. चित्रकार सही करतो. पेंटर बिल करतो, आणि तेही निम्मं बुडतं. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी 'पेंटर' हा शब्द आडनावासारखा लावला आणि तो मोठा केला. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. पण हुसेन मोठे झाल्यावर ती होर्डिंग म्हणजे 'सुरुवातीचा संघर्ष' ठरली. आमची होर्डिंग धंदाच राहिली. मला आज एवढंच सांगायचंय की या दोन शब्दांच्या मधे जी पायरी आहे ती कलेची नाही. ती कशाची आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझा जन्म १९५७ चा. म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्म दिला त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी जन्मानंच बौद्ध. पण ते आमच्या वस्तीत. गावात मी जो होतो तोच होतो. बाप चौकीदारी करायचा, माय लोकांच्या भिंती लिपायची. लिपणं म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना सांगावं लागेल. पांढरी माती भिजवायची, त्यात भाताचं तूस, गव्हाचं भुसकट घालायचं, शेण घालायचं, दोन दिवस मुरवायचं, पायानं तुडवायचं आणि मग हातानं भिंतीवर ओढायचं. वरून चुन्याचा हात, खाली गेरूचा पट्टा. दिवाळीच्या आधी महिनाभर माझी माय गावातल्या मोठ्या घरांच्या बाहेरच्या भिंती लिपत असे. बाहेरच्या म्हणतोय, नीट ऐका. आतल्या भिंती लिपायला दुसऱ्या बाया. मजुरी पायलीभर ज्वारी. मी तिच्यामागे गेरूची घमेली धरून फिरायचो. ती मला ओरडायची, "तूस कमी नको टाकू बापा, भित उलते." उलते म्हणजे तडकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत चित्रकलेचा तास होता. सरकारच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन परीक्षा असतात, तुमच्यातल्या पुष्कळांनी दिल्या असतील. रंग कालवायला, ब्रश धुवायला वर्गात पाण्याच्या वाट्या फिरायच्या. एका वाटीत चार पोरं ब्रश बुडवायची. माझ्या वाटीत कुणी बुडवत नसे. माझ्या ब्रशनं पाणी विटाळतं. पाणी घाण होण्यासाठीच ठेवलेलं, लाल-निळं-काळं झालेलं, तरी ते माझ्यामुळे बाटायचं! मी ते पाणी बघत बसायचो. आमच्या महाडच्या तळ्याचा इतिहास मला नंतर कळला, पण माझं तळं म्हणाल तर ती वाटी. ड्रॉइंगचे मास्तर वाईट नव्हते. म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण चित्रकला हा आपल्यासारख्यांचा नाद नाही. तुम्हाला स्कॉलरशिप आहे, कारकून हो." ते 'आपल्यासारख्यांचा' म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात 'तुम्हाला' म्हणाले. एलिमेंटरी मी पास झालो. इंटरमिजिएटच्या आधी १९७२ चा दुष्काळ पडला.

माय खडी फोडायला गेली. मीही गेलो. दुष्काळी कामावर मुकादमाला गटांचे नंबर लिहायला माणूस हवा होता. डांबराचा डबा आणि काडीला बांधलेली चिंधी माझ्या हातात दिली. पत्र्याच्या तुकड्यांवर मी एक ते चाळीस आकडे लिहिले. मुकादम म्हणाला, अरे, हे तर छापल्यासारखं आहे! त्या दिवशी मला खडी फोडावी लागली नाही. पंधरा वर्षांच्या पोराला एवढं पुरे होतं. मला कळलं की अक्षरानं हातावरचे फोड वाचतात. कला-बिला काही कळली नव्हती.

मग खामगावला गेलो. खामगाव म्हणजे कापसाचं गाव. जिनिंग, प्रेसिंग, अडत दुकानं, सराफा. जिथे दुकान तिथे पाटी. एका मुसलमान पेंटरकडे मी पाच वर्षं राहिलो. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी माझी जात विचारली नाही. भूक लागली का ते विचारलं आणि ताटात बसवलं. त्यांच्याकडे मी शिकलो ते असं. पत्रा आधी घासायचा, मग रेडऑक्साइडचा हात. खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, रेघ आपोआप पडते. मोठं चित्र करायचं तर लहान फोटोवर चौकटी पाडायच्या, तितक्याच भिंतीवर पाडायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. चेहरा काढतोय असं मनात आणायचंच नाही, चौकट भरतोय असं समजायचं. अक्षराला पोट असतं, मान असते, ते झोपू नये म्हणून दोन अक्षरांच्या मधली जागा डोळ्यानं मोजायची, पट्टीनं नाही. हे कुठल्या आर्ट स्कूलमधे शिकवतात की नाही मला माहीत नाही. मला पाच वर्षांत एका म्हाताऱ्यानं फुकट शिकवलं.

या चौकटी पाडून मी पहिल्यांदा काय काढलं असेल? बाबासाहेब. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर, १४ एप्रिलसाठी. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. त्या चित्राला शंभर जणांनी हात जोडले. माझ्या म्हाताऱ्या आजीनं भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, साहेब आले. दिल्लीत संसदेच्या आवारात १९६७ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, तो ब्रह्मेश वाघांनी केला. किती जणांना हे नाव माहीत आहे? हात वर करा. बघा. आपण पुतळ्यापुढे माथा टेकतो आणि तो घडवणाऱ्याचं नाव विचारत नाही. ही खोड आपल्यालाही आहे. फक्त दुसऱ्यांवर खापर फोडून चालणार नाही.

१९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या जिल्ह्याची हद्द मराठवाड्याला लागून. पळून आलेली माणसं आमच्या पाहुण्यांच्या घरी उतरली. जळालेली घरं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ती माणसं मी पाहिली. रात्री आम्ही चुना आणि गेरू घेऊन निघायचो. एक जण सायकल धरायचा, एक जण रस्त्यावर लक्ष ठेवायचा, मी लिहायचो. 'नामांतर झालेच पाहिजे.' मी अक्षरं मुद्दाम वेडीवाकडी काढायचो, कारण माझा हात या टापूत ओळखीचा झाला होता. पोलीस अक्षरावरून घरी आले असते. सांगायचा मुद्दा असा की त्या अक्षरांखाली सही नव्हती ती सावधगिरी होती, ती लढाईची रीत होती. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर भिंतीवरचा चुना कितीदा धुऊन गेला आणि कितीदा आम्ही परत लिहिलं. त्या निनावीपणाची मला लाज नाही.

लाज दुसऱ्या निनावीपणाची आहे. ती सांगतो.

उस्ताद गेल्यावर मी स्वतःचं दुकान टाकलं. पेंटर लोक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात, तुम्ही पाहिलं असेल. मी माझं नाव टाकलं नाही. आडनाव टाकलं असतं तर गावात कामं मिळाली नसती. म्हणून दुकानाला मी एक गुळमुळीत फुलाचं नाव दिलं आणि पुढे 'आर्ट्स' लावलं. फुलाला जात नसते. त्या नावावर मी वीस वर्षं धंदा केला. एका गावात देवळाची भिंत रंगवायचं काम मिळालं. सात दिवस मी मारुती काढला. शेपटीपासून गदेपर्यंत. गावकरी खूश. आठव्या दिवशी कुणीतरी माझ्या गावचा पाहुणा आला आणि त्यानं मला ओळखलं. पैसे देताना त्यांनी नोटा ओट्यावर ठेवल्या. हातात दिल्या नाहीत. मी बसस्टँडवर येईपर्यंत देवळात पाणी शिंपडून झालं होतं. मारुती पुसला नाही बरं का! मारुती चांगला जमला होता. हात बाटगा, हाताचं काम शुद्ध. मित्रांनो, हेच आपलं सौंदर्यशास्त्र आहे या देशात. मोठमोठे ग्रंथ वाचू नका त्यासाठी.

मी संतापून घरी आलो. माय पायरीवर बसली होती. सगळं सांगितलं. मला वाटलं ती शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "सगळ्यायचे नावं लिवतं तू. तुहं कुठी हाय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता मला थोडं मागे जायचंय, १९७९ सालात. तेव्हा मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो. आपलं बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसलंय तीच रांग पश्चिमेला जाते आणि तिच्याच पोटात ती लेणी आहेत. म्हणजे अजिंठा आपल्याला परका नाही. तरी बावीस वर्षांचा होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं की तिथे जी चित्रं आहेत ती बुद्धाची आहेत, आपल्या घरातल्या बुद्धाची. पुस्तकात 'जगप्रसिद्ध' एवढंच लिहिलेलं.

एक नंबरच्या लेण्यात तो पद्मपाणी पाहिला. सतराव्या लेण्यात बुद्धापुढे उभी असलेली आई आणि लेकरू पाहिलं. ती यशोधरा आणि राहुल, असं सांगतात. बुद्ध केवढा, आणि ती दोघं केवढीशी! सगळे बुद्धाकडे बघत होते. मी त्या बाईकडे बघत राहिलो. मग एका कोपऱ्यात गिलावा निघाला होता तिथे माझी नजर गेली. आत मातीच होती, आणि मातीत भाताचं तूस! वाळलेलं गवत! गाइड सांगत होता की आधी मातीचा लेप, त्यात तूस, काड्या, वरून चुन्याचा पातळ हात, मग रंग. पिवळी माती, गेरू, दिव्याची काजळी, चुना, हिरवा दगड. निळा तेवढा दुरून आणलेला. मला घाम फुटला. ही तर माझ्या मायची भिंत! भित उलू नये म्हणून तूस टाकणारी ही कोण बाई होती, दीड हजार वर्षांपूर्वी?

मी गाइडला विचारलं, ही चित्रं काढली कुणी? तो म्हणाला, वाकाटकांच्या काळात, हरिषेण राजाच्या. त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं शेजारचं वाशीम. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. सव्वीसाव्यात बुद्धभद्र भिक्षूचा आहे. दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. मी म्हटलं, ती झाली दान देणाऱ्यांची. रंगवणाऱ्यांची? तो म्हणाला, ती नाहीत.

पण एक नाव मात्र चित्रावर आहे. दहाव्या लेण्यात. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा गोरा लष्करी अधिकारी शिकारीला आला होता, तो आत शिरला आणि त्यानं खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरडली. पुढे रॉबर्ट गिल आला, १८४४ पासून त्यानं वर्षानुवर्षं त्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जळाल्या. मग ग्रिफिथ्स आला, जे.जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन, १८७२ पासून. त्याच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनलाच जळाल्या. नकला करणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत. शिकाऱ्याचं नाव भिंतीवर आहे. मूळ चित्रं काढणारा निनावी.

घरी येऊन मी मायला सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, लिपण कशाचं आहे? मी म्हटलं, मातीचं, तूस घातलेलं. ती हसली. "मंग ते आपल्यावानीच कोनीतरी केलं असन." मी म्हटलं, माय, ते मोठे कलाकार होते. ती म्हणाली, "व्हय का? मंग लिपलं कोनं?" मला तेव्हा ते अडाणी बाईचं बोलणं वाटलं. आता वाटतं की त्या दिवशी त्या घरात अडाणी माणूस मीच होतो. अजिंठ्याचे रंगारी आपल्याच पूर्वजांपैकी होते असं छातीठोक मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायची सवय बाबासाहेबांच्या पोरांनी लावून घेऊ नये. पण ज्यांची नावं ठेवली गेली नाहीत त्यांच्याशी माझं नातं आहे, एवढं म्हणायला मला कुणाचा दाखला लागत नाही.

आता दोन चित्रकारांबद्दल बोलतो. खरेखुरे चित्रकार, पेंटर नव्हे. दोघे आपल्या विदर्भातले.

पहिले अंबादास. शेजारच्या अकोल्यात १९२२ साली जन्मले. मुंबईत जे.जे. मधे शिकले. 'ग्रुप १८९०' नावाचा एक गट होता, त्याचं प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत झालं, त्यात हे होते. १९७२ साली नॉर्वेला गेले, तिकडेच राहिले आणि २०१२ साली ओस्लोत वारले. त्यांचं आडनाव खोब्रागडे. विदर्भात हे आडनाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कलेच्या जगात मात्र ते नुसते 'अंबादास'. त्यांची चित्रं म्हणजे नुसता रंग. रंगाचे वळसे, प्रवाह. त्यात माणूस नाही, वस्ती नाही, मडकं नाही, झाडू नाही. मी ती पहिल्यांदा एका मासिकात छापलेली पाहिली तेव्हा मला राग आला. म्हटलं, हा माणूस पळाला. अकोल्यातून ओस्लोपर्यंत पळाला.

दुसरे सवी सावरकर. नागपूरचे, १९६१ चा जन्म, माझ्याहून लहान. नागपुरात शिकून बडोद्याला गेले, पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. यांनी काय काढलं? पेशवाईतला अस्पृश्य. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. देवदासी काढली. काळ्या, जाड, ओबडधोबड रेघा. ते पाहिल्यावर मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हा आपला माणूस! हे आजवर कुणी काढायला पाहिजे होतं ते यानं काढलं.

तेव्हा मला हे एवढं सोपं वाटलं. एक पळपुटा, एक लढवय्या. तुमच्यातही आज अशी वाटणी करणारे असतील. पण वय वाढलं तसा मी त्या अंबादासांच्या चित्राकडे पुन्हा पुन्हा गेलो. आणि मला माझी वाटी आठवली. ती शाळेतली, गढूळ पाण्याची. त्या पाण्यात लाल रंगाचा थेंब पडला की तो कसा पसरायचा, वळसे घेत, ते बघत मी तासच्या तास बसायचो. तो आनंद माझा होता. विटाळ त्यांचा होता, पण तो वळसा माझा होता. मग दलित माणसानं नुसता रंग का काढू नये? आपण फक्त आपलं दुःखच काढावं, हा हुकूम कोणी दिला? त्यांचा पोरगा फूल काढणार आणि आमच्या पोरानं जन्मभर मेलेलं ढोर ओढायचं, चित्रातसुद्धा? बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हातात घेतलं, रंग हातात घेतले. सगळं आयुष्य लढण्यात गेलेला माणूस शेवटी ब्रश धरतो तो काय पळून जायला?

म्हणून मी आता वाटणी करत नाही. सावरकरांनी मडकं काढलं हे आपल्यावर उपकार आहेत. अंबादासांनी मडकं काढलं नाही हाही एक हक्क आहे, आणि तोही आपणच बजावलाय. प्रश्न एवढाच उरतो की खाली नाव कुणाचं आहे, आणि ते का अर्धं आहे. ते नाव अर्धं का ठेवलं गेलं ते मला माहीत नाही, चित्रकार कितीदा एकेरी नावच लावतात. पण मी माझं का लपवलं ते मला माहीत आहे. आणि तेवढ्यापुरतंच मी बोलू शकतो.

२००१ साली माय वारली. पुण्यानुमोदनाला फोटो ठेवायचा तर घरात फोटो नाही. मतदार ओळखपत्रावरचा एक होता. काळा ठिपका नुसता. लोक म्हणाले, अरे, घरात पेंटर असताना काळजी कसली? मी ब्रश घेऊन बसलो. मित्रांनो, बाबासाहेबांचा चष्मा मी डोळे मिटून काढतो. हजार वेळा काढलाय. सिनेमातल्या नट्या काढल्यात, पुढाऱ्यांच्या मिशा काढल्यात, ज्या पाटलानं मायला दारात उभं केलं नाही त्याच्या बापाचा अर्धा पुतळा रंगवलाय. आणि मला माझ्या मायचं नाक आठवेना. कपाळावरचं गोंदण डावीकडे की उजवीकडे, आठवेना. चौकटी पाडायला फोटो नाही, आणि चौकटीशिवाय बघायची सवय नाही. रात्रभर बसलो. सकाळी कोरा पत्रा पाटावर ठेवला, त्याला हार घातला. लोकांना वाटलं काही विधी असेल. ती माझी नामुष्की होती.

त्यानंतर दोन-चार वर्षांत फ्लेक्स आला. रात्रीत छापून मिळायला लागला. आमचा धंदा बसला. खामगाव-मलकापूर-चिखलीचे किती पेंटर रिक्षा चालवायला लागले, किती दारूत गेले. माझ्या दुकानात जुन्या पाट्यांचा ढीग पडला. लोक नवा फ्लेक्स लावायचे आणि जुना पत्रा फेकून द्यायचे, तो मी उचलून आणायचो. एका दुपारी वस्तीतली एक म्हातारी, मायच्या बरोबरीनं लिपायला जाणारी, दुकानात येऊन बसली. मी म्हटलं, मावशी, अशीच बसा. पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिला काढायला लागलो. चौकटी न पाडता. सहा दिवस लागले. आधी तिचे हातच जमेनात. लिपून लिपून बोटांची पेरं कशी वाकतात ते मी जन्मभर पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. ती बोलत राहायची. बोलता बोलता ती माझ्या मायबद्दल सांगायची. गोंदण उजवीकडे होतं.

त्या एका मावशीच्या मागे दुसरी आली, तिसरी आली. अशा सतरा बाया मी काढल्या, उलट्या पाट्यांवर. पुढच्या बाजूला कुठे 'कापड दुकान', कुठे 'कृषी सेवा केंद्र', मागच्या बाजूला आमची बाई. खाली तिचं पूर्ण नाव, ती काय काम करायची ते, आणि तारीख. अठरावी माझी माय. ती पत्र्यावर काढली नाही. घराच्या भिंतीवर काढली. पांढरी माती आणली, तूस घातलं, मुरवलं, पायानं तुडवलं, हातानं लिपलं. गेरू, चुना, काजळी. भिंत लिपणारी बाई, पाठमोरी, तोंड जरासं वळवलेलं. नाक बरोबर आलंय की नाही, देव जाणे म्हणायची आपली रीत नाही, मावश्या जाणोत. त्या म्हणाल्या, आलं.

आणि खाली मी सही केली. नाव, बापाचं नाव, आडनाव. फूल नाही, आर्ट्स नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझी ती पहिली सही. हात कापत होता. नामांतराच्या रात्री नव्हता कापला एवढा.

त्या भिंतीला आता दोन ठिकाणी तडे गेलेत. बहुतेक तूस कमी पडलं माझ्याकडून. दर दिवाळीला मी डागडुजी करतो. पाट्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. गॅलरीत एकही नाही. कुणी म्हणेल की मग ही कला कशी? त्याला त्या घरांमधे घेऊन या. त्यातल्या बहुतेक बाया आता नाहीत. त्यांच्या नाती त्या पत्र्यासमोर उभ्या राहून सांगतात की ही माझी आजी, हिचं नाव अमुक, ही लिपणं करायची. गावात ज्या बाईला जन्मभर कुणी नावानं हाक मारली नाही तिचं नाव भिंतीवर आहे.

तुम्ही शहरातली पोरं. तुमच्यातले काही जे.जे. ला जातील, बडोद्याला जातील. जरूर जा. त्या इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून त्या दारापर्यंत सगळं आपलं आहे, भीक नाही. तिथे कुणी म्हणेल की तुमची चित्रं फार आरडाओरडा करतात. कुणी म्हणेल की फार शांत आहेत, तुमच्याकडून आम्हाला जखम हवी होती. दोघांचंही ऐकू नका. काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मात्र दोन गोष्टी करा. घरातली म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना काढा. येत नसेल तर वेडंवाकडं काढा, मोबाइलमधे फोटो काढून मोकळे होऊ नका, सहा दिवस बसा. आणि खाली सही करा. पूर्ण.

या शिबिराचा हा मागचा बॅनर फ्लेक्सचा आहे. चांगला आहे, स्वस्त पडला असेल. पण पुढच्या वर्षी मला आठ दिवस आधी सांगा. कापड आणा, रंग माझे. पैसे नकोत.

फक्त कोपऱ्यात माझं नाव राहील.

जयभीम.